मदत हवी आहे: घर्षणाचं कार्य शून्य, तर गाडी वेग घेते कशी?

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात अकरावीच्या पोरांना संध्याकाळी फिजिक्स शिकवतो. घर्षणाच्या धड्यावर गाडं अडलंय.

इंजिन ज्या चाकांना फिरवतं, ती रस्त्याला मागे रेटतात आणि रस्ता त्यांना पुढे ढकलतो. बाकीच्या, नुसत्या ओढल्या जाणाऱ्या चाकांवर घर्षण मागच्या दिशेने. ब्रेक दाबला की चारही चाकांवर मागेच. एवढं पोरांना पटलं. म्यू (घर्षण गुणांक) गुणिले लंब प्रतिक्रिया (रस्त्याने चाकाला वर रेटणारं बल) ही स्थितिक घर्षणाची, म्हणजे चाक घसरत नसतानाच्या घर्षणाची, फक्त कमाल मर्यादा असते, हे मात्र अजूनही काही जण विसरतात आणि प्रत्येक गणितात तीच किंमत टाकून मोकळे होतात.

खरी अडचण पुढे आहे. चाक घसरत नसेल तर त्याचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर, म्हणजे घर्षणाचं कार्य (बल गुणिले त्या बिंदूचं सरकणं) शून्य. मग १००० किलोची गाडी थांबलेली असताना निघून सेकंदाला २० मीटर वेगाला पोचली, तर गतिज ऊर्जेचे ते २ लाख जूल इंजिनाचे. पण गाडीला बाहेरून पुढे ढकलणारं बल तर रस्त्याचंच! दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे अकरावीच्या भाषेत कसं मांडावं?

आणखी एक. पावसाळ्यात पांदणीत ट्रॅक्टरचं मागचं चाक जागीच फिरतं, काळी माती टायरच्या खाचांत गच्च बसते. तिथे तोच म्यू चालतो, की मातीच खालून तुटत जाते म्हणून हिशोब वेगळा? एका पोरीने विचारलंय, तिला नीट उत्तर द्यायचं आहे. कोणाकडे बलांची आकृती असेल तर कृपया टाका.