भाऊजींच्या किचनचा एनआरके-वन आलाय, जर्सीत क्रेडिट कसं घ्यायचं?

अनघा (एडिसन):
मंडळी नमस्कार, रिटर्नची १५ एप्रिल तोंडावर आलीय म्हणून थेट विचारते. भाऊजींच्या पेनसिल्व्हेनियातल्या एक्स्टनच्या किचनचे (ती एस कॉर्पोरेशन आहे, म्हणजे नफ्याचा टॅक्स भागधारक आपापल्या रिटर्नवर भरतात) कागद काल आले. माझ्या नावावर २५ टक्के शेअर आहेत. एनआरके-वनवर (राज्याबाहेरच्या भागधारकाला त्याचा हिस्सा दाखवणारा पेनसिल्व्हेनियाचा कागद) माझ्या वाट्याचं उत्पन्न ४०,००० डॉलर आणि पेनसिल्व्हेनियाने कापलेला टॅक्स १,२२८ डॉलर दाखवलाय. प्रत्यक्षात मला एक डॉलरही मिळालेला नाही, सगळा पैसा नव्या चिलरमध्ये गेला. भाऊजी म्हणतात, कापावाच लागतो. पैसे न देता टॅक्स कसा कापतात? आणि एका राज्यात राहून दुसऱ्यात कमावणाऱ्यांसाठी न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाचा करार आहे ना? मग हे पैसे परत मागायचे की जर्सीच्या रिटर्नमध्ये वजा करायचे?

विवेक (प्लेन्सबरो):
करार आहेच. मी इतकी वर्षं किंग ऑफ प्रशियाला नोकरीला जातोय, पेनसिल्व्हेनियाला एक सेंट दिलेला नाही. आरईव्ही-४१९ भरून दे आणि रिफंड माग. विषय संपला.

सुधीरकाका:
विवेक, विषय संपला नाही, इथूनच सुरू होतो. तो करार फक्त पगाराचा आहे. आरईव्ही-४१९ नोकराने मालकाला द्यायचा फॉर्म आहे. एस कॉर्पोरेशनमधला हिस्सा हा पगार नव्हे, धंद्याचं उत्पन्न. ते जिथे कमावलं त्या राज्याचा त्यावर पहिला हक्क. जुन्या लोकांना आठवत असेल, २०१६ च्या सप्टेंबरात जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टींनी हा करार १ जानेवारी २०१७ पासून मोडायची घोषणा केली होती आणि नोव्हेंबरात मागे घेतली. तेव्हा याच लिस्टवर मेलचा पाऊस पडला होता, आणि तेव्हाही दुकानं-मोटेलवाल्यांना मी हेच सांगत होतो की तुमचा या कराराशी संबंध नाही.

अनघा, आता तुझं. पेनसिल्व्हेनियाचा दर सरसकट ३.०७ टक्के. ४०,००० वर बरोब्बर १,२२८ होतात. राज्याबाहेरच्या भागधारकाच्या वाट्याला जो नफा येतो त्यावर कंपनीने टॅक्स कापून भरायचा असतो, मग तो नफा वाटलेला असो वा कंपनीतच ठेवलेला. त्यामुळे अकाउंटंटचं चुकलेलं नाही. मात्र कापलेला पैसा हा आगाऊ भरणा आहे, अंतिम टॅक्स नव्हे. अंतिम हिशोब तू पीए-४०, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचं वैयक्तिक रिटर्न, भरशील तेव्हा होईल.

क्रम लक्षात ठेव. आधी नॉनरेसिडेंट म्हणून पीए-४० पूर्ण कर. त्यावर जो टॅक्स निघेल तो आकडा जर्सीच्या एनजे-सीओजेवर, म्हणजे दुसऱ्या राज्यात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागायच्या फॉर्मवर, जाईल. कापलेली रक्कम नव्हे! दरवर्षी कुणी ना कुणी एनआरके-वनवरचा आकडा उचलून सीओजेवर टाकतं. पेनसिल्व्हेनियाने जास्त कापला असेल तर जास्तीचा पैसा तिथूनच रिफंड मागायचा, जर्सी त्याचं क्रेडिट देत नाही.

मेधा (प्रिन्स्टन):
काकांनी लिहिलंय तसंच आम्ही करतो. बहिणीच्या जॉर्जियातल्या मोटेलमध्ये माझा छोटा हिस्सा आहे, पण तिथली तऱ्हा वेगळी. ते ४ टक्के कापतात आणि तेही वाटलेल्या पैशांवर. शिवाय बाहेरच्या भागधारकाकडून ६००एस-सीए या फॉर्मवर संमतीची सही घेतात. ती नसेल तर जॉर्जिया एस कॉर्पोरेशन मानतच नाही. अनघा, पेनसिल्व्हेनियात असं काही सही करून दिलंयस का?

सुधीरकाका:
मेधा, जॉर्जियाचा नियम इथे आणू नकोस, तिचा गोंधळ होईल. पेनसिल्व्हेनियात अशी सही लागत नाही.

नितीन:
थांबा, नॉनरेसिडेंटला एस कॉर्पचे शेअरच घेता येत नाहीत ना? आमच्या वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं. अनघाताई, आधी ते तपासा, नाहीतर सगळी कंपनी अडचणीत येईल.

मेधा (प्रिन्स्टन):
नितीन, तुझा वकील फेडरल नियमाबद्दल बोलतोय. तिथे नॉनरेसिडेंट एलियनला मनाई आहे. अनघा पेनसिल्व्हेनियापुरती बाहेरची, अमेरिकेपुरती नाही. एच-वन व्हिसावर असलेलाही वर्षभर इथे राहत असेल तर टॅक्सपुरता रेसिडेंटच असतो.

पण तुझी भीती अगदीच अनाठायी नाही. आमच्या ओळखीतला एक जण एच-वन सोडून कायमचा पुण्याला गेला. शेअर तसेच नावावर राहिले. तो टॅक्सपुरता नॉनरेसिडेंट झाला त्या दिवशी कंपनीचा एस दर्जा गेला आणि कंपनीला स्वतःचा टॅक्स वेगळा भरावा लागला, त्याची झळ बाकीच्या तीन भागधारकांना बसली. जाण्याआधी शेअर विकले असते तर काही झालं नसतं. ग्रीन कार्डवाल्यांनीही जपावं: भारतात नुसतं फिरायला नव्हे तर खरंच तिथले रहिवासी म्हणून राहून, दोन्ही देशांच्या कराराचा आधार घेत रिटर्न भरलं, की तेही नॉनरेसिडेंट धरले जातात. परतीचा विचार करणारे इथे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नितीन:
हे माहीत नव्हतं. आईबाबांसाठी आम्हीही दोन वर्षांत परतायचं म्हणतोय. मेधाताई, संध्याकाळी फोन करू का?

खजिनदार:
कृपया परतीचा विषय वेगळ्या मेलमध्ये काढा. पाडव्याच्या श्रीखंडाची यादी या गर्दीत वर-खाली होतेय. टॅक्सचा मूळ प्रश्न चालू द्या, तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

अनघा (एडिसन):
काका, दोन शंका. आमचं दोघांचं मिळून जर्सीच्या रिटर्नवरचं उत्पन्न साधारण २ लाख डॉलर आहे, यात किचनचे ४०,००० धरलेत. मग १,२२८ पूर्ण वजा होतील का? आणि अकाउंटंट म्हणतो, हवं तर कंपोझिट रिटर्नमध्ये (बाहेरच्या भागधारकांसाठी कंपनीने भरायचं एकत्र रिटर्न) तुमचं नाव घालतो, मग तुम्हाला पीए-४० भरायला नको.

सुधीरकाका:
जर्सी स्वतःच्या टॅक्सचा तेवढाच भाग सोडते जेवढा त्या उत्पन्नावर बसतो. सूट-बिट बाजूला ठेवून एकत्र रिटर्नवर २ लाखांचा जर्सी टॅक्स सुमारे ८,७०० येतो. ४०,००० हा त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे १,७४० च्या आसपास. पेनसिल्व्हेनियाचे १,२२८ त्याहून कमी, म्हणून पूर्ण वजा होतील आणि वरचे पाचशेच्या आसपास जर्सीला द्यावे लागतील. पैसे हातात नसताना ते खिशातून जातात, हे मला मान्य नाही, पण कायदा तसाच आहे. यासाठीच भाऊजींना सांग: नफा कंपनीत ठेवायचा असेल तरी भागधारकांच्या टॅक्सपुरती रक्कम वाटलीच पाहिजे. भागधारकांच्या करारात तसं लिहून घ्या.

फेडरल के-वनवरचा (केंद्राच्या टॅक्ससाठी तुझा हिस्सा दाखवणाऱ्या कागदावरचा) आकडा मात्र कुठेच जसाच्या तसा टाकू नकोस. चिलरवर फेडरलमध्ये बोनस डेप्रिसिएशन (पहिल्याच वर्षी घसाऱ्याची मोठी वजावट) घेतलं असेल तर तो आकडा बराच लहान दिसेल. ही दोन्ही राज्यं ते मानत नाहीत.

कंपोझिट, म्हणजे पीए-४० एनआरसी, चालेल. पेनसिल्व्हेनियातलं तुझं दुसरं काही उत्पन्न नाही ना? मग हरकत नाही. फक्त कंपनीच्या लेटरहेडवर लिहून घे: राज्याचं नाव, तुझ्या वाट्याचं उत्पन्न, तुझ्या वाट्याचा भरलेला टॅक्स. जर्सीला क्रेडिटसाठी तेच लागतं.

विवेक (प्लेन्सबरो):
आणि फिलाडेल्फियाचा वेज टॅक्स?

सुधीरकाका:
तो शहराचा, पगारावरचा. किचन एक्स्टनला आहे आणि अनघा तिथे पगार घेत नाही. तिला लागू नाही.

अनघा (एडिसन):
भाऊजींशी बोलले. कंपोझिटची तयारी अजून झालेली नाही, म्हणून मी स्वतःच पीए-४० भरतेय. जर्सीचं त्यानंतर. टॅक्सपुरते पैसे वाटायचं त्यांनी मान्य केलंय, पुढच्या तिमाहीपासून. खजिनदार, श्रीखंड शुक्रवारी दुपारी एक्स्टनहून निघेल, गाडी कुणाची ते कळवा.