मदत हवी आहे : घरच्या सर्व्हरचा बॅकअप एका रात्रीत रिकामा झाला, आता रचना कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात राहते. दीड वर्षापासून घरी एक छोटा फाइल सर्व्हर चालवत आहे. सर्व्हरची तक्रार नाही, परंतु त्याचा बॅकअप ज्या पद्धतीने घेत होते ती मुळातच चुकीची होती, हे मागच्या महिन्यात कळले. नवी रचना करण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

यंत्र म्हणजे जुना डेस्कटॉप. आठ जीबी रॅम, लहान एसएसडीवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि साठवणीसाठी चार टीबीची एक हार्ड डिस्क. सांबा या फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रॅममार्फत दोन लॅपटॉप आणि आईचा टॅब्लेट त्यावरच्या फाइली वाचतात. एकूण साठा सुमारे १.६ टीबी आहे, आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग पणजोबांच्या कागदांचा आहे. ते गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. त्यांची मोडीतली पत्रे आणि जमाखर्चाच्या वह्या मी ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केल्या. कॉम्प्रेशन न करता ए-फोर आकाराच्या एका पानाची टिफ फाइल सुमारे १०० एमबीची होते, आणि अशी साडेचार हजार पाने आहेत. मूळ कागद इतके जीर्ण झाले आहेत की घडी उघडताना तिच्या रेषेवरच तुकडा पडतो, त्यामुळे पुन्हा सगळे स्कॅन करू असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

रोज रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) आरसिंक हा प्रती घेणारा प्रोग्रॅम चालत असे आणि मुख्य डिस्कवरचे सर्व काही बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरत असे. काढून टाकलेल्या फाइली प्रतीत साचत राहू नयेत म्हणून मी ‘डिलीट’ हा पर्याय लावला होता. शिवाय एखादी डिस्क जोडली गेली नाही तरी यंत्र निदान सुरू व्हावे, म्हणून एफएसटॅब या डिस्क जोडण्याच्या यादीत ‘नोफेल’ लिहिले होते. दोन्ही गोष्टी मला शहाणपणाच्या वाटल्या होत्या. एका संध्याकाळी वीज गेली, यूपीएसची बॅटरीही संपली, आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू झाले. मुख्य डिस्क मात्र जोडली गेली नाही. तिच्या जागी उरला रिकामा फोल्डर, आणि दोन वाजता आरसिंकने तो रिकामेपणा अगदी इमानदारीने यूएसबी डिस्कवर उतरवला. सकाळी आईने “अगं, फोटो कुठे गेले?” असे विचारले, तेव्हा मी लॉग उघडला. ‘डिलीटिंग’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी संपता संपत नव्हत्या. सुदैवाने दोष डिस्कच्या सैल साटा केबलचा निघाला. ती घट्ट बसवताच मुख्य डिस्क जशीच्या तशी मिळाली.

दुसरी काळजी पाण्याची. आमचे घर विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तळमजल्यावर गुडघाभर पाणी होते आणि जुन्या सीडींचा खोका त्यात गेला. आज दोन्ही डिस्क तळमजल्यावर एकाच टेबलावर आहेत, हे लिहितानाही संकोच वाटतो.

आता प्रश्न. आणखी एक चार टीबीची डिस्क घेऊन रेड-१ (दोन डिस्कवर एकाच वेळी तीच माहिती) करावे, की तोच पैसा वेगळ्या बॅकअपवर घालावा? आरसिंक सोडून रेस्टिक किंवा बोर्ग यांपैकी एखादा बॅकअप प्रोग्रॅम वापरावा का? एक प्रत पुण्याला बहिणीकडे ठेवायची आहे, पण दोन्हीकडचे इंटरनेट सीजीनॅटच्या मागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला) असल्याने पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट घरच्या यंत्राशी जोडणी, चालत नाही. माझा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस आहे. त्या हिशेबाने १.६ टीबी पाठवायला अखंड पावणेचार दिवस लागतील. क्लाउडचे दरमहा भाडे तूर्त टाळायचे आहे. आणि यंत्र माळ्यावर नेले तर चालेल का?

प्रतिसाद :

ताई, रेड-१ आत्ता घेऊ नका. एक डिस्क बिघडली तरी यंत्र चालू राहावे, एवढेच त्याचे काम आहे. फाइल पुसली की ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते, त्यामुळे त्या रात्रीसारख्या प्रसंगात ते उपयोगी पडले नसते.

आपल्याकडे प्रत होती, पण कालची स्थिती कुठेच नव्हती. रेस्टिक प्रत्येक वेळी स्वतंत्र स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या स्थितीची प्रत, ठेवते, न बदललेला भाग पुन्हा साठवत नाही, आणि सर्व काही कूटबद्ध करते. रिकाम्या फोल्डरचा स्नॅपशॉट घेतला गेला तरी आदल्या रात्रीचा शाबूत राहतो. सात दैनिक, पाच साप्ताहिक आणि बारा मासिक एवढे ठेवले तर फोटोंना पुरे. मोडी कागदांची रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) वेगळी करून तिच्यातले काहीही छाटू नये, असे मी म्हणेन. बोर्गही उत्तम आहे, मात्र ते दुसऱ्या टोकालाही बसवलेले असावे लागते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला डिस्क खरोखर माउंट झाली (जोडली गेली) आहे का हे तपासा आणि तिच्यावर एक खुणेची फाइल ठेवा. ती सापडली नाही तर काम तिथेच थांबावे.

पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवू नका. डिस्क घरीच भरा, पिशवीत घालून पुण्याला न्या आणि तिथे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडा. त्यानंतर रोजचा फरकच जाईल. सीजीनॅटसाठी टेलस्केल हे दोन यंत्रांना खासगी जाळ्यात जोडणारे साधन सोपे पडेल. थेट जोडणी जमली नाही तर ते रिले म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत जोडते, वेग तेवढा कमी मिळतो. पुण्याच्या बाजूला रेस्ट-सर्व्हर हा रेस्टिकचा सर्व्हर ‘अपेंड ओन्ली’ (फक्त भर घालण्याच्या) पद्धतीने चालवा, म्हणजे बडोद्याच्या यंत्रात कोणी शिरले तरी तिथले जुने स्नॅपशॉट त्याला पुसता येणार नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून दोन घरांत ठेवा. तो हरवला तर माहिती गेलीच, मागच्या दाराची सोय नाही.

माळ्याचे म्हणाल, तर बडोद्याचा मे महिना आठवून पाहा. पहिल्या मजल्यावरची हवा खेळणारी खोली बरी, आणि डिस्कचे तापमान स्मार्टसीटीएल या आज्ञेने अधूनमधून पाहत जा.

आणि परत मिळवून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे धरू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद :

मनापासून आभार. यंत्र पहिल्या मजल्यावर हलवले, रेस्टिक बसवले, खुणेची फाइल ठेवली. मग केबल मुद्दाम काढून स्क्रिप्ट चालवली. ती पहिल्याच ओळीत थांबली. पुण्याला न्यायची डिस्क भरून तयार आहे.

आपल्या शेवटच्या वाक्यावरून एका वहीचा अख्खा फोल्डर परत मिळवून शा-२५६ या फाइलीच्या डिजिटल ठशाने मुळाशी ताडून पाहिला. सर्व जुळले, पण दोन फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. मुळातही त्या तशाच होत्या. स्कॅन करतानाच जतन झालेल्या नसाव्यात, आणि इतके दिवस मी त्यांची काळजीपूर्वक प्रत घेत होते. त्यांतले एक पान काल पुन्हा स्कॅन केले. दुसऱ्याची घडी उघडण्याचे धाडस अजून झालेले नाही.