मदत हवी आहे : बाझलमध्ये शाकाहारी घराचा किराणा आणि बाहेरचे जेवण

नमस्कार. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे नोकरीनिमित्त नाशिकहून स्वित्झर्लंडमधील बाझल येथे राहावयास जात आहेत. हे शहर फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या सीमेला लागून असल्यामुळे तेथील अनेक रहिवासी ८ क्रमांकाच्या ट्रामने जर्मनीतील वाइल आम राइनला जाऊन स्वस्तात किराणा भरतात. मात्र १ जानेवारी २०२५ पासून माणशी दिवसाला १५० फ्रँकपर्यंतच्याच खरेदीवर स्विस मूल्यवर्धित कर माफ आहे (पूर्वी ही मर्यादा ३०० होती), आणि जर्मन कर परत मिळवायचा तर ५० युरोंहून अधिक खरेदी करून, दुकानातून मिळालेल्या कागदावर सीमेवर शिक्का घ्यावा लागतो. रविवारी दोन्हीकडची दुकाने बहुतांशी बंद, म्हणजे शनिवारची गर्दी आलीच! एवढ्या खटाटोपात दोन माणसांच्या संसाराला खरोखर बचत होते का?

आईने साजूक तुपाची बरणी बांधून ठेवली होती. परंतु भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई असल्याने ती बाजूला काढली. गोडा मसाला आणि उडदाचे पापड सोबत जातील. ज्वारीचे पीठ व तूरडाळ तेथे कोठे मिळते?

ग्रुयेअरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारा घटक) असते, त्यामुळे हॉटेलात शाकाहारी म्हणून वाढलेला पदार्थही त्यांना चालेलच असे नाही. अंडेही न खाणाऱ्यांनी तेथे काय मागवावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.