गडद निळसर राखाडी: कूलरची भिंत तेवढी सोडा

ताई, हॉलला गडद निळसर राखाडी रंग द्यायचा म्हणता, आणि नागपूरच्या उन्हात घर भट्टी होईल अशी भीती तुमच्या प्रश्नावर दोघांनी घातली आहे. ती मनातून काढून टाका. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ऊन पितात ती गच्ची आणि भिंतींची बाहेरची बाजू. तिथे पांढराच हवा. आतल्या रंगाने फारसा फरक पडत नाही.

खरी काळजी कूलरची. त्याच्या खिडकीभोवती पाणी उडतं, आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग गडद रंगावर लांबूनही दिसतात. ती भिंत फिकटच ठेवा.

फिनिश मॅट, म्हणजे बिनचकाकीचं घ्या. चकाकीत पुट्टीचा प्रत्येक उंचवटा तिरप्या उजेडात उघडा पडतो. पण मॅटवर नुसती पिशवी घासली तरी पांढरट ओरखडा उमटतो, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवरची भिंत नको, सोफ्यामागची निवडा.

पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो दिवसा आणि रात्री भिंतीला लावून बघा. उत्तरेच्या उजेडात हा रंग जास्त निळा दिसतो, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली राखाडीकडे झुकतो. सागवान आणि पितळ मात्र त्यावर फार सुंदर उठून दिसतात.