शिअर झोनमध्ये खडक वाहतो तो उष्णतेमुळे? मला नाही पटत

गुळगुळीत_गोटा:
डोंगर उभे राहताना खोल कवचात खडक तुटत नाही, घन राहूनच ताणला जातो, आणि ही सरक एका पट्ट्यात एकवटली की तो शिअर झोन, इथपर्यंत ठीक. ग्रॅनाइटमधल्या खनिजांपैकी क्वार्ट्झ साधारण 300 अंश सेल्सिअसला असा सैल पडायला लागतो, फेल्डस्पारला 450-500 तरी लागतात. पण "खाली गरम असतं म्हणून" एवढं सांगून लोक मोकळे होतात ना, तिथं माझं डोकं फिरतं. अरे त्या खोलीवर सगळंच गरम आहे की! मग आजूबाजूचा ग्रॅनाइट जसाच्या तसा आणि मधला हातभर पट्टाच तेवढा पिळून निघालेला, असं का? माझ्या मते पाणी आणि कणांचा आकार, बस. मायलोनाइटचं, म्हणजे अशा पिळलेल्या पट्ट्यातल्या खडकाचं, थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा पातळ काप) बघा, फेल्डस्पारचा एखादा दाणा ठणठणीत बसलाय, दोन्ही बाजूंना बारीक कणांच्या शेपट्या, आणि क्वार्ट्झच्या लांबलचक पट्ट्या त्याला वळसा घालून चालल्यात.

तावातावाने:
आणि घर्षण कुठं गेलं? सरकताना खडकावर जे काम होतं त्याची उष्णताच होते, तो पट्टा आणखी तापतो, आणखी मऊ होतो. हिमालयातल्या मेन सेंट्रल थ्रस्टमध्ये, म्हणजे जिथं एक खडकांचा थर दुसऱ्यावर सरकत चढलाय त्या पट्ट्यात, वर जावं तसं रूपांतरणाचं तापमान वाढत जातं, उलटंच! त्यात या उष्णतेचा वाटा आहे असं म्हणणारे कमी नाहीत.

गुळगुळीत_गोटा:
हातभर पट्ट्यात ती उष्णता थांबणार किती वेळ? मीटरभर रुंदीतली काही दिवसांत-आठवड्यांत पसरून जाते. किलोमीटरभर असेल तर 30,000 वर्षांच्या आसपास लागतात, म्हणून थ्रस्टच्या जाड पट्ट्याबद्दल तुझं थोडंफार ऐकून घेईन. पण खडक मऊ झाला की ताण उतरतो, ताण उतरला की तापणंही कमी, म्हणजे आपोआप ब्रेक लागतो.

तावातावाने:
मग शिअर झोनमध्ये स्यूडोटॅकिलाइट सापडतं ते काय आहे? चक्क वितळून गोठलेला खडक!

गुळगुळीत_गोटा:
ते भूकंपाचं, काही सेकंदांचं काम. लाखो वर्षं संथ वाहण्याशी त्याची गाठ कशाला मारतोस.

भेगाळ:
दोघंही गोष्ट मधूनच सुरू करताय. आल्प्समधल्या ग्रॅनाइटमध्ये बरेच शिअर झोन जुन्या भेगांवर नाहीतर डाइकच्या (भेगेत घुसून गोठलेल्या मॅग्माच्या भिंतीच्या) कडेनंच बसलेत, म्हणजे जागा आधीच ठरलेली होती. आणि गोटेराव, कण बारीक झाले की खडक लगेच मऊ होतो हे कुणी सांगितलं? डिस्लोकेशन क्रीपचा (स्फटिकातले दोष सरकत जाऊन होणाऱ्या वाहण्याचा) वेग कणाच्या आकारावर अवलंबूनच नसतो. कणांच्या कडेनं डिफ्यूजन (अणूंचं सरकणं) सुरू झालं तरच फायदा, तिथं कण दहापट बारीक तर वेग हजारपट, पण इतक्या गरमीत बारीक कण परत वाढायलाही लागतात त्याचं काय करायचं?

गुळगुळीत_गोटा:
भेगेतून शिरतं कोण? पाणीच ना! पाणी लागलं की फेल्डस्पार मोडून अभ्रक आणि क्वार्ट्झ तयार होतं, अभ्रकाचे बारके पापुद्रे क्वार्ट्झच्या कणांमध्ये अडकून बसतात आणि त्यांना वाढू देत नाहीत. तुझी भेग मान्य, पण कोरड्या भेगेवर एवढा रुंद मायलोनाइट दाखव, मग बोलू.