गरम होऊन बंद पडणारा पॉवर वीडर
दादा, तुमचा पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) अर्ध्या तासात तापून बंद आणि गार झाला की परत सुरू, असं म्हणताय तर कार्बोरेटर लगेच खोलू नका. तासगावकडं आमच्या द्राक्षबागेत माझ्या वीडरचं हेच झालं होतं. मेकॅनिक थेट पिस्टन बदला म्हणाला! पंख्याचं कव्हर काढलं तर सिलिंडरच्या फिन्सवर (गार करणाऱ्या पात्यांवर) माती, गवत अन् ऑइल, भिंत लिंपल्यासारखं. हवेवर गार होणारं इंजिन, त्याला वाराच लागेना. गार झाल्यावर ब्रशनं खरवडा. ऑइलची पातळीही बघा. तरी बंद पडला तर टाकीचं झाकण जरा सैल करा (बिडी लांब ठेवून). लगेच चालला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर गरम असतानाच स्पार्क तपासा, स्पार्क देणारी कॉइल खराब असली की तापल्यावरच दगा देते.