सोन्याच्या नॅनोकणांनी पाण्यातले जंतू काही मिनिटांत कळतात का?

जलसुरक्षक_बीड:
आमच्या गावचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे आहे. एच२एसची बाटली भरायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळी पडली का, म्हणजे पाण्यात जंतू आहेत का, बघायची. तोवर अख्खं गाव ते पाणी पिऊन मोकळं! परवा व्हिडिओत बघितलं, सोन्याच्या नॅनोकणांचं लाल द्रावण जंतू असले की लगेच निळं होतं. बोअरच्या पाण्याला चालेल का हे?

सूक्ष्मजीववाली:
रंग बदलतो, खोटं नाही. १५-२० नॅनोमीटरचे कण सुटे असले की द्रावण लाल, एकमेकांना चिकटले की निळं-जांभळं. कणांवर सायट्रेटचा ऋण भार असतो, त्यामुळे ते लांब लांब राहतात. पण दादा, तो भार झाकायला जंतूच कशाला, क्षारही पुरतात. आमच्या लॅबमध्ये पोरं बोअरचं पाणी थेट ओततात आणि निळं झालं की खूश! मग मी तेच पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळायला लावते. जंतू वरच अडकतात, तरी निळंच. ती करामत कॅल्शियम-मॅग्नेशियमची. व्हिडिओत बहुधा शुद्ध पाण्यात वाढवलेले जंतू सोडलेले असतात, हे कोणी सांगत नाही.

जलसुरक्षक_बीड:
मग कोविडची पट्टी कशी चालायची? त्यातही सोनंच ना?

सूक्ष्मजीववाली:
बऱ्याच पट्ट्यांत सोनंच. पण तिथे रंग बदलत नाही. कणांवर अँटिबॉडी (ठरावीक जंतूला चिकटणारं प्रथिन) बसवलेली असते, ते रेघेवर साचतात म्हणून रेघ लाल दिसते. ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जंतूसाठीही अशा पट्ट्या करतात. अडचण आकड्यांची आहे: साध्या पट्टीवर रेघ डोळ्यांना दिसायला मिलिलिटरमागे हजारो-लाखो जंतू लागतात, आणि पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. म्हणजे आधी काही तास जंतू वाढवा, नाहीतर अँटिबॉडी लावलेल्या चुंबकीय नॅनोकणांनी मोठ्या नमुन्यातून ओढून गोळा करा. मला त्या चुंबकवाल्या वाटेतच जास्त दम वाटतो. शिवाय टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) मेलेल्या जंतूलाही अँटिबॉडी चिकटते, पट्टीला जिवंत-मेलेलं कळत नाही.

पाणीपुरवठा_नाना:
ताईंचं बरोबर. तोवर रोज शेवटच्या नळाला ओटी टेस्ट घ्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का कळतं. पिवळं झालं नाही तर बाटली काळी व्हायची वाट बघत बसू नका, टीसीएलचा डोस तपासा. आणि टीसीएलची गोणी उघडी ठेवू नका, क्लोरीन उडून जातो.